सुताराची वाट

रेकॉर्डमधली माणसं हसली, आणि त्यांच्याबरोबर आपणही हसलो, हे प्रभावतीच्या ध्यानात आलं तेव्हा तिचे ओठ अजून विलगलेलेच होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. आई जैन बस्तीत दर्शनाला गेली होती. शनिवारची सकाळची शाळा आटोपून प्रभावती घरी आली, आणि साडी न बदलता, घोटभर पाणीही न पिता, तिनं दिनकर रेठरेकरांची नवी लाँग प्ले लावली. चार वर्षांत त्यांचं नवं काही आलं नव्हतं. स्वतःच लिहायचं, स्वतःच चाल लावायची आणि स्वतःच गायचं, असा हा माणूस. मूळचा कृष्णाकाठचा, कऱ्हाडात शिकलेला, पुढं मुंबईत नाव काढलेला. या वेळी रेकॉर्ड स्टुडिओत केलेली नव्हती. कुठल्याशा मैफलीत जे झालं ते जसंच्या तसं उचललं होतं. कुणी खोकत होतं, तबल्यावर हातोडी पडत होती, खुर्च्या सरकत होत्या. पहिली तीन गाणी झाली. आवाज थोडा जाडावला होता, पण मोकळा झाला होता, आणि प्रभावतीला वाटलं होतं की हा माणूस आता आधीपेक्षा चांगला गातो. मग ते बोलायला लागले. "लोक मला विचारतात, ती कोण? जिच्यासाठी तुम्ही दाराची कडी लावली नाहीत, ती बाई कोण? माझी बायकोसुद्धा विचारते." इथं थोडे लोक हसले. "आता वय झालं, खरं सांगून टाकतो. कऱ्हाडला आमच्या खोलीची कडी मोडली होती. सुताराला कितीदा निरोप धाडला, तो उद्या येतो म्हणायचा. वारा सुटला की दार आपटायचं. झोप येईना, म्हणून उठून बसलो आणि लिहिलं. तेव्हा मंडळी, ते 'तुझे येणे न येणे' म्हणतो ना मी, ते त्या सुताराचं." सगळं सभागृह हसलं. हसण्याच्या लाटा येतच राहिल्या, आणि त्या विरायच्या आत रेठरेकरांनी गाणं उचललं, जलद लयीत, लोकांना टाळ्या धरायला लावून.

दिवा केव्हाच गेला हा, कडी मी लावली नाही
तुझे येणे न येणे हे मनाशी मोजले नाही

प्रभावतीनं सुई उचलली नाही. उचलायला हवी होती, असं तिला पुढं दोन दिवस वाटत राहिलं. ती खाटेच्या कडेवर बसली आणि गाणं शेवटपर्यंत ऐकलं. वाईट हे होतं की गाणं सुंदर होत होतं. ज्या जागेवर पूर्वी आवाज थबकायचा, खाली उतरावं की नाही अशा विचारात पडल्यासारखा, तिथं आता तो एखाद्या पोरानं पायरी चुकवून उडी मारावी तसा खाली येत होता, आणि लोक टाळ्या वाजवत होते. ती थबकलेली जागा प्रभावतीच्या अंगात होती. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा तो तिथंच. बाजारात भाजी निवडताना मन रिकामं व्हायचं ते तिथंच. तिला वाटायचं, आपल्यातलं जे काही कुणाला दाखवण्यासारखं नाही ते सगळं त्या एवढ्याशा थांबण्यात ठेवलेलं आहे. आता तिथं कुणी नव्हतं. सुतार होता. आणि तिला राग येण्याआधी, अपमान वाटण्याआधी, हसू आलं होतं. त्याची तिला भीती वाटली. एवढी वर्षं जे जपलं ते इतक्या सहज हसण्यावारी जातं, आणि नेणाऱ्यांत आपणही असतो.

हे गाणं तिनं पहिल्यांदा ऐकलं ते साताऱ्यात. शिक्षिकेचं ट्रेनिंग घ्यायला ती तिथं एक वर्ष होती. घरातून बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी, त्यामुळं साताऱ्याची थंडी, अजिंक्यताऱ्यावरून खाली उतरणारं धुकं, खानावळीतलं पातळ वरण, सगळंच तिला आपल्यासाठी मुद्दाम केल्यासारखं वाटायचं. तिच्या वर्गात नाथाजी नावाचा एक मुलगा होता, औंधाकडचा. त्याचे दोन्ही थोरले भाऊ फौजेत होते. हा एकटाच शिकायला राहिलेला, आणि त्याची त्याला थोडी लाज वाटायची. एका शाळेच्या मैदानावर रेठरेकरांचा कार्यक्रम झाला. तेव्हा ते कुणी मोठे नव्हते. काळी पेटी स्वतःच वाजवत होते आणि मध्येच थांबून नाक पुसत होते. बायकांची बैठक एका बाजूला, पुरुषांची दुसऱ्या, मध्ये सुंभाची दोरी बांधलेली. नाथाजी सुंभाच्या पलीकडं अगदी कडेला येऊन बसला होता. कडीचं गाणं सुरू झालं तेव्हा तो तिच्याकडं न बघता हळूच म्हणाला, "प्रभा, हे ध्यानात ठीव." एवढंच. त्यानं कधी तिचा हात धरला नाही, काही कबूल केलं नाही. तो मराठा, ही जैन. कबूल करून होणार तरी काय होतं? दिवाळीच्या सुट्टीला जाताना एस. टी. स्टँडवर तो म्हणाला होता, "येतो गं मी. लय दिवस न्हाई लागायचं." सुट्टीनंतर तो ट्रेनिंगला परतलाच नाही. वडील आजारी पडले, शेताकडं बघायला कुणी नव्हतं, असं कुणीतरी सांगितलं. पुढं वर्षा-दोन वर्षांनी कळलं की मामाची मुलगी केली, आणि तिकडंच एका शाळेत चिकटला.

प्रभावती रडली नाही. सांगलीला नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात तिनं त्या गाण्याची तबकडी विकत घेतली. वाजवायला घरी यंत्रही नव्हतं. गणपती पेठेच्या तोंडाशी रामगोंडा पाटलाचं रेडिओचं आणि रेकॉर्डींचं दुकान होतं, त्यानं ती तिला दुकानातच लावून ऐकवली आणि म्हणाला, "बाई, कवाबी या. ऐकायला काय पडतंय?" तेव्हापासून ती जात राहिली. रेठरेकरांची प्रत्येक रेकॉर्ड तिनं तिथूनच घेतली, आणि पुढं यंत्रही तिथूनच. त्यांच्या गाण्यांत आणखीही पुष्कळ काही होतं. नदी होती, बाजार होता, म्हाताऱ्या आईवर एक गाणं होतं. पण प्रभावतीला सगळी त्या एकाच गाण्याच्या ओसरीवर बसल्यासारखी वाटायची. कुणीतरी गेलं, दार उघडं राहिलं, आणि उघड्या दाराशी एक बाई तक्रार न करता बसली. तिनं त्या बाईला आपला चेहरा दिला. मग हळूहळू उलट झालं. त्या बाईचा चेहरा तिला आला. शाळेतल्या बाया म्हणायच्या, प्रभावतीबाई किती शांत. मुली तिला घाबरत नसत, पण तिच्या तासाला आवाजही करत नसत. तिला हे आवडायचं. आपल्या आयुष्याला चाल लागली आहे असं तिला वाटायचं, आणि आजूबाजूच्या किती बायांना ती लागलेली नसते, हेही दिसायचं.

नाथाजी तिला एकदा भेटलाही होता. शाळेची सहल औंधला गेली, यमाईचा डोंगर आणि तिथलं वस्तुसंग्रहालय बघायला. दुसऱ्या एका शाळेच्या मुलांना घेऊन तो पायऱ्यांवर उभा होता. पोट सुटलेलं, खिशात दोन पेनं. त्यानं तिला ओळखलं, अहो-जाहो केलं, मुलींना चहा पाजला. निघताना म्हणाला, "गाणी ऐकता का अजून? ते कोण ते, पेटी वाजवायचे... नाव आता तोंडावर येईना बघा." ती म्हणाली, "रेठरेकर." तो म्हणाला, "हां, तेच ते." परतीच्या बसमध्ये मुली गात होत्या आणि प्रभावती खिडकीशी बसून स्वतःला चाचपून बघत होती, कुठं दुखतंय का. कुठंच दुखत नव्हतं. घरी येऊन तिनं रेकॉर्ड लावली. गाण्याला काही झालं नव्हतं. त्याला नाथाजीची गरज नव्हती. तेव्हा तिला फार हायसं वाटलं. आज खाटेवर बसून ते हायसं वाटणं आठवताना तिच्या मनात आलं, खरं तर त्या दिवशीच आपण घाबरायला हवं होतं. ज्याची वाट बघायची तो नकोच होता, नुसती वाट हवी होती. आणि वाट म्हणजे तरी काय, तर वाऱ्यानं आपटणारं एक दार.

पण त्याआधी एक गोष्ट घडून गेली होती, आणि सुई रेकॉर्डच्या शेवटाशी पोचून नुसती खरखरत राहिली तेव्हा प्रभावतीला आठवली ती तीच. रामगोंडाची बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. दोन वर्षांनी त्यानं प्रभावतीच्या धाकट्या बहिणीकडून, गुणमालाकडून विचारणा केली. गुणमाला तिच्या सासरहून मुद्दाम आली. दुपार होती, आई शेंगा निवडत होती. "आक्का, मानूस आपल्यातला हाय, दुकान चालतंय, तोंडात शिवी न्हाई. आनि तुला त्याचं दुकान आवडतंय की." प्रभावती म्हणाली, "नको." का, ते तिला सांगता येईना. तिनं काहीतरी शाळेचं कारण सांगितलं. गुणमाला चिडली, "तू कुनाची वाट बघालीस, सांग तरी." प्रभावती म्हणाली, "कुणाचीच नाही." आणि ते खोटं नव्हतं. आईनं शेंगांतून मान वर केली नाही. तशीच म्हणाली, "मी गेल्यावर तुला हाक मारायला कोन हाय गं?" त्या वेळी प्रभावतीला त्या बोलण्याची किंचित कीवच आली होती. हाक मारायला कुणी असावं म्हणून कुणी लग्न करतं का, असं तिच्या मनात आलं होतं. त्याच आठवड्यात ती दुकानात गेली. रामगोंडानं तिला बसायला स्टूल दिलं, रेकॉर्ड मऊ फडक्यानं पुसून लावली. तो काही बोलला नाही. पुढंही कधी बोलला नाही. या माघात त्यानं लग्न केलं; कडेगावची एक विधवा, सुलाबाई नावाची. प्रभावती लग्नाला गेली होती आणि जेवूनही आली होती.

नवी रेकॉर्ड आणायला ती काल संध्याकाळी गेली तेव्हा रामगोंडा नेहमीसारखा गल्ल्यामागं उभा होता. तिनं विचारलं, "आली का?" तो म्हणाला, "आली की." पण काढेना. फळीवरचं काहीबाही हलवत राहिला. मग म्हणाला, "बाई, ही ऱ्हाऊ द्या." "का? खराब निघाली?" "खराब न्हाई. लय चांगली हाय." "मग?" त्यानं हात धोतराला पुसले. "दुसरी एखादी दावू का? ही तुमच्याजोगी न्हाई." प्रभावतीला हसू आलं. रेठरेकरांची रेकॉर्ड तिच्याजोगी नाही असं या गावात कुणी तिला सांगावं? तिनं हात पुढं केला, आणि त्यानं रेकॉर्ड कागदात गुंडाळून दिली, नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊन.

शनिवार, रविवार तसेच गेले. आईनं विचारलं, "नवं गानं आनलंस ते लाव की." प्रभावती म्हणाली, "नंतर." उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या, त्या ती तपासत राहिली. एका मुलीनं कृष्णेचा उगम महाबळेश्वरऐवजी वाईला लिहिला होता. प्रभावतीनं तिला पूर्ण गुण दिले आणि पुढचा पेपर घेतला, आणि बऱ्याच वेळानं मागं जाऊन ते खोडलं. रेठरेकरांचा तिला राग आणता येईना. तो माणूस खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं कधी म्हटलं होतं की कुणी गेलं? त्यानं कडीचं गाणं केलं, ते कडीचंच होतं. बाकीचं सगळं तिनं घातलं होतं, साताऱ्याची थंडी, सुंभ, स्टँड. आणि तो आता आनंदात होता. नव्या गाण्यांत त्याची बायको होती, नातू होता, दातदुखीवर एक गाणं होतं. या आनंदात तिला शिरता येत नव्हतं, कारण तिथं तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. इतकी वर्षं आपण या माणसाबरोबर चालत होतो असं तिला वाटत होतं. तो मात्र केव्हाच पुढं निघून गेला होता, आणि तिला सांगून जायचं त्याला काही कारण नव्हतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिनं रेकॉर्ड पिशवीत घातली आणि दुकान गाठलं. उन्हामुळं रस्त्यावर माणूस नव्हतं. रामगोंडा एका रेडिओचं पाठीमागचं झाकण काढून बसला होता. तिनं पिशवी पुढं ठेवली.

"परत घ्याल का?"

"घेतो की." त्यानं पिशवी उघडूनही बघितली नाही.

ती स्टुलावर बसली. जायला हवं होतं, पण पाय उचलेनात.

"तुम्ही आधीच ऐकली होती," ती म्हणाली.

"व्हय. आली त्याच दिवशी."

"म्हणून नको म्हणत होता."

"व्हय." त्यानं एक बारीक तार चिमट्यात धरून सरळ केली. "लोकं हसाय लागली तवा मला तुमीच दिसलासा. म्हनलं, कशाला."

बाहेर हातगाडीवाला सावली बघून उभा राहिला, आणि पुन्हा पुढं गेला. प्रभावतीनं पदर सारखा केला. आपण आता काय बोलणार आहोत हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते बोलून झाल्यावरच तिला ऐकू आलं.

"पाटील, गुणमालानं तुमचं विचारलं होतं. मी नको म्हटलं. तुमच्यात काही उणं होतं म्हणून नव्हे."

"ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"गान्यापायी नको म्हनलासा."

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? ते गानं मीच विकलं की तुमाला." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. हा पंखा आपल्याच दुकानातला आहे असं एखाद्यानं सांगावं तसं त्यानं सांगितलं. "तुमी हितंच उभ्या हुतासा. तोंडाकडं बघिटलं की कळत हुतं, ह्या बाईच्या घरात आता दुसरं मानूस मावायचं न्हाई. तरीबी इचारलं. न्हाई इचारायला पायजे हुतं. पर मानूस इचारतोय."

प्रभावतीला वाटलं, हे आपल्याला आधी कळायला हवं होतं. मग वाटलं, आधी कळलं असतं तरी आपण नकोच म्हटलं असतं, आणि हे वाटणं त्याहून वाईट होतं. तो तिला बघत होता, आणि ती त्याच्या दुकानात उभी राहून दुसरंच कुणीतरी बघत होती, जे कुणी नव्हतंच. तिला रामगोंडाची मयत बायकोही आठवली, पण तिचं नाव ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत तिनं ते कधी विचारलं नव्हतं. आता विचारावं का, असं तिच्या मनात येतंय तोच दारात सावली पडली. जेवणाचा डबा घेऊन सुलाबाई आली होती. रुंद चेहऱ्याची, चालून दमलेली बाई. डबा तिनं रामगोंडापुढं ठेवला, घाम पुसला, आणि प्रभावतीकडं बघून मनापासून हसली.

"ह्याच व्हय शाळंतल्या बाई? लग्नात बघितलं, पर बोलायला न्हाई गावलं." मग नवऱ्याकडं हात करून म्हणाली, "ह्यांनी सांगितलंय मला. म्हनत्यात, सांगलीत गानं ऐकावं तर त्या बाईंनी."

रामगोंडानं मान खाली घालून रेडिओत बघितलं. गाणाऱ्याचं कौतुक प्रभावतीनं आयुष्यभर केलं होतं. ऐकणाऱ्याचंही कुणी करतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

सुलाबाई दुसरं स्टूल ओढून तिच्याजवळ बसली. "मला काय गान्यातलं कळत न्हाई बाई. हे दिसभर लावत्यात, आनि मी आपली बसून ऱ्हाते. तुमी मास्तरीन हायसा. मला सांगा की, गानं कसं ऐकायचं असतंय?"

तिला खरंच उत्तर हवं होतं. तोंड किंचित पुढं करून, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी ती बघत राहिली. रामगोंडाचा चिमटा थांबला. प्रभावतीनं विचार केला. कुणाला शिकवताना ती घाईनं कधी काही सांगत नसे.

"नुसतं ऐकायचं," ती म्हणाली. "आपल्या अंगावर घ्यायचं नाही."

"एवढंच व्हय?"

"एवढंच."

"मग तर सोपं हाय," सुलाबाई म्हणाली, आणि नवऱ्यासाठी डबा उघडायला लागली.